मास्तरांचा डावा हात

शिवणकामाच्या वर्गात भिंतभर स्क्रीन बसवली, तेव्हा मास्तरांनी तिला नको असलेल्या पाहुण्यासारखं वागवलं. या म्हटलं नाही, आणि जा म्हणायची सोय नव्हती. पहिले काही दिवस ते तिच्याकडे पाठ करून शिकवत राहिले. मग एके सकाळी तिच्या दोन कोपऱ्यांना सुतळी बांधली आणि कागदी नमुने चिमट्यांनी तिच्यावर टांगून टाकले. बाही, कॉलर, पाठ, खांदा, सगळं ओळीनं.

प्राचार्य फेरीवर आले आणि दारातच थांबले.

"मास्तर, ही काय कपडे वाळत घालायची जागा आहे?"

"कपडे नाहीत साहेब, कागद आहेत," मास्तर म्हणाले. "आणि बघा किती छान दिसतात. मागून उजेड येतो."

प्राचार्य हसले. रागावणारा साहेब एकवेळ परवडतो, हसणाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. हसत हसतच त्यांनी या धंदेशिक्षणाच्या शाळेतल्या वायरिंगवाल्यांना, नळकामवाल्यांना आणि सुतारकामवाल्यांना आपापले धडे फोनवर चित्रित करायला लावले होते. कुणाचा वर्ग बुडला तर त्यानं घरी बसून धडा बघावा, असा हिशोब. सुतारकामाच्या गुरुजींच्या पहिल्या धड्यात नुसता भुसाच उडताना दिसला, पण त्यांनीही केला होता. राहिले होते फक्त मास्तर.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मास्तर म्हणाले. "मी इथे जिताजागता उभा आहे. माझं चित्र कशाला बघायचं?"

मास्तर अंगानं किरकोळ होते, पण गळ्यातल्या टेपेमुळे भारदस्त दिसायचे. ती टेप घरी जातानाही तशीच असायची. नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी ते तीन नियम सांगत. एक, टेबलापाशी माझ्या समोर उभं राहायचं आणि मशीनपाशी माझ्या मागे. दोन, खडू, कात्री, सुई, सगळं उजव्या हातात. आणि तिसरा नियम सांगताना ते टेबलाचा खण उघडून आतली काळी, जाड कात्री नुसती दाखवायचे. "माझा चष्मा घाला, माझी छत्री न्या, माझा डबा खा. हिला मात्र हात लावायचा नाही." ती कात्री त्यांनी तरुणपणी एका लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालायचीही नाही. एकदा एका पोरीनं हळूच घेऊन बघितली, तर कापड नुसतं पात्यांमध्ये दुमडलं आणि वर बोलणी खावी लागली ती वेगळीच.

बोलणी म्हणजे तरी काय, मास्तरांचं रागावणं टोपणनावांवर भागायचं. जिचा दोरा सारखा तुटायचा ती तडतडी. जी मापं विसरायची ती गळकी बादली. संगणकाच्या वर्गातल्या तरुण शिक्षिकेलाही त्यांनी बटणबाई करून टाकलं होतं, आणि ती बिचारी त्या नावाला ओ देऊ लागली होती. आणि एक होती गोगलगाय.

गोगलगाय लग्न झालेली, समंजस, कामाला वाघ, पण हात असा संथ की बघणाऱ्याला जांभई यावी. बाकीच्या पोरी पुढा, म्हणजे शर्टाची पुढची बाजू, कापून बाही बेतायला लागल्या, तरी हिचा खडू अजून गळ्यापाशीच. कापडावर कात्री ठेवताना ती श्वास रोखायची, आणि तरीही काठ उंदरानं कुरतडल्यासारखा व्हायचा. मास्तर म्हणायचे, "गोगलगायीला घाई नसते, पण ती पोचते." तीही हसायची.

ती गोगलगाय एक दिवस वर्ग सुटल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली. पोट आता ओढणीखाली लपत नव्हतं.

"सर, डॉक्टरीणबाईंनी झोपून राहायला सांगितलंय. बाळ होईपर्यंत पायऱ्या उतरायच्या नाहीत. मी नाव काढून घ्यायला आलेय."

"नाव कशाला काढायचं? परीक्षेला ये."

"शिकल्याशिवाय परीक्षेला कशी येऊ? अजून अख्खा शर्ट व्हायचाय." तिनं टेबलावरचा एक धागा उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिली. "नणंदेच्या कारखान्यात जागा आहे. ती म्हणते, सर्टिफिकेट घेऊन आलीस तर साहेबांशी बोलते. पण ती जागा पुढच्या परीक्षेपर्यंत थोडीच थांबणार आहे? जाऊ दे सर. माझा हात तसाही संथच आहे."

शेवटचं वाक्य तिनं हसत म्हटलं, पण मास्तरांना ते लागलं. हुशार पोरी कुठेही शिकतात. शिकवणाऱ्याचा कस लागतो तो अशा पोरीपाशी, असं ते नेहमी म्हणायचे. ते स्क्रीनवर टांगलेल्या कागदांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "नाव राहू दे. तुला फोनवर चित्र दिसतं ना?"

"दिसतं, सर."

"मग जा. झोपून राहा."

बटणबाई आपल्या खोलीत डबा खात होती. मास्तर दारात उभे राहून घसा खाकरले. ते या खोलीत पहिल्यांदाच येत होते.

"बाई, ते तुमचं चित्रीकरण. एक शर्ट धरून किती वेळ लागेल?"

बटणबाईचा घास हातातच राहिला. पुढे कितीतरी दिवस ती हा प्रसंग शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगायची.

तिनं एक लवचिक दांडा आणला, त्याला फोन अडकवला आणि मास्तरांच्या खांद्यावरून टेबलाकडे वाकवला. "असा. म्हणजे तुमचे हात स्पष्ट दिसतील, चेहरा येणार नाही."

"चेहऱ्यात काय बघायचंय? हात दिसले पाहिजेत."

पण समोर कुणी नसताना मास्तरांना बोलताच येईना. खडू उचलला, शब्द अडकला. पुन्हा उचलला, पुन्हा अडकला. "याला मान नाही हो," ते फोनकडे मागे वळून म्हणाले. "समजलं तर डोकं हलवत नाही, नाही समजलं तर डोकं खाजवत नाही. मी कुणाशी बोलू?"

शेवटी पुढच्या बाकावरच्या पोरींना रोजच्यासारखं टेबलासमोर उभं केलं. त्यांनी माना डोलावल्या आणि मास्तरांची गाडी सुरू झाली. "आता बघा, कापडाची किनार आपल्याकडे. आधी हात फिरवा कापडावरून, ते तुमच्या ओळखीचं झालं पाहिजे." बटणबाईनं फोन चालू केला आणि ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिला शिवणकाम येत नव्हतं, पण दिवस संपेपर्यंत आपणही एखादा पुढा बेतून पाहावा असं तिला वाटू लागलं.

मशीनचे धडे सोपे गेले. तिथे पोरी एरवीही मागेच उभ्या असत, फोनही मागेच राहिला.

रोज एक धडा गोगलगायीकडे जायचा. संध्याकाळी तिचा निरोप यायचा. "सर, जमलं." मग, "सर, आज कात्री छान चालली." एकदा तिनं आपण बेतलेल्या पुढ्याचा फोटो पाठवला. मास्तरांनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा पाहिला. स्वतःच्या टेबलावर पडतो, हुबेहूब तसा पुढा होता. काठ सुरीनं लोणी कापावं तसा. गोगलगायीचा! त्यांनी तो फोटो बटणबाईला दाखवला, सुतारकामाच्या गुरुजींना दाखवला आणि न मागता प्राचार्यांनाही दाखवला.

"मग आरसा लागला म्हणायचा काकणाला," प्राचार्य हसत म्हणाले.

"लागला साहेब," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्क्रीनवरचे अर्धे कागद उतरवले.

पुढे बाळ झालं. मुलगी झाली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी गोगलगाय पिशवी घेऊन वर्गात हजर झाली. बाळ नणंदेकडे व्हरांड्यात होतं. पिशवीतून तिनं पूर्ण शर्ट काढून टेबलावर ठेवला. परीक्षेत हाच करायचा होता, पुरुषाचा पूर्ण बाहीचा शर्ट, मापापासून बटणापर्यंत.

मास्तरांनी शिवण बोटानं चाचपली. उलटून बघितली. कॉलरची टोकं जुळवून पाहिली. काजं अशी घट्ट आणि सारखी की जणू छापली होती. ते शर्ट घेऊन कोपऱ्यातल्या, कपडे चढवून बघायच्या पुतळ्याकडे वळले. पुतळ्याला तो चढवला, बटण लावायला हात पुढे केले आणि हात हवेतच थांबले. काज हवं तिथे बटण होतं, आणि बटण हवं तिथे काज.

ते एक पाऊल मागे सरले. खिसा उजव्या छातीवर होता.

गोगलगाय मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"शिवण उत्तम आहे," मास्तर अखेर म्हणाले. "पण अगं, हा शर्ट उलटा झालाय. सगळाच्या सगळा."

"उलटा?" ती पुढे आली. शर्टाकडे बघितलं, मास्तरांच्या अंगातल्या शर्टाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "पण मी जसं दिसलं तसंच केलं सर. तंतोतंत."

ती खोटं बोलणारी नव्हती. मास्तर तडक संगणकाच्या खोलीत गेले. "बाई, तुमच्या यंत्रानं घात केला."

बटणबाईनं शांतपणे धडे उघडले. "कधीकधी कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, ते खरंय. पण तसं असतं तर टेपेवरचे आकडेही उलटे दिसले असते. हे बघा, सुलटे आहेत. मास्तर, फोननं जे समोर होतं तेच टिपलंय."

"मग उलटं करून टाका ना आता. तुमच्याकडे बटण असेलच."

होतं. तिनं ते दाबलं. खिसा जागेवर गेला, पण टेपेवरचे आकडे उलटे झाले. मशीनच्या धड्यात तर चाक डावीकडे गेलं. असं मशीन जगात कुणी पाहिलं नव्हतं. दोघंही थोडा वेळ त्या मशीनकडे बघत राहिले.

"दाबा परत," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तर घरी खुर्चीत बसून आपलेच धडे पुन्हा पुन्हा पाहत होते. परीक्षा तोंडावर, आणि पोरीच्या हातात बसलेला शर्ट उलटा. सगळं धुऊन पहिल्यापासून शिकवायचं म्हटलं तर गोगलगाय पोचणार कधी? आपण मध्ये पडलो नसतो, तर निदान ती शांतपणे नाव काढून घरी बसली असती. आता नापास होऊन बसेल.

शेजारी मटार सोलत बसलेल्या बायकोनं मान वाकडी करून फोनमध्ये डोकावलं.

"अहो, हे कुणाचे हात?"

"माझे. आणखी कुणाचे असणार?"

"तुमचे? तुम्ही डावखुरे कधीपासून झालात?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"मी कशाला काहीतरी बोलू? कात्री बघा की कुठल्या हातात आहे. घरात पिशवीचा बंद कापायचा तरी उजवा हात लागतो तुम्हाला." तिनं एक शेंग फोडली. "इतकी वर्षं झाली, तुम्हाला शिकवताना आज पहिल्यांदाच बघतेय मी. भलतंच दिसतंय."

मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला. खरंच, कात्री डाव्या हातात होती. खडूही डाव्या हातात. टेबलावरचा पुढाही उलटा बेतलेला. आणि मग त्यांना सगळं आठवलं, म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण रोज चालताना आपण पाय कसे टाकतो हे कुणी मोजत बसत नाही.

ते नवे मास्तर होते तेव्हाची गोष्ट. समोर उभ्या पोरी त्यांचे हात बघून काम करत. मास्तरांचा उजवा हात समोरच्याला डावीकडे दिसायचा, आणि पोरी गोंधळून काहीतरी उलटंच कापून बसायच्या. रोज रडारड. तेव्हा त्यांनी ठरवलं, पोरींनी कशाला डोकं फिरवायचं, आपणच उलटे होऊ. वर्ग सुटल्यावर एकटेच थांबून त्यांनी डावा हात तयार केला, त्याच्यासाठी डावी कात्री घडवून घेतली. तेव्हापासून टेबलापाशी ते आरशातल्या माणसासारखं काम करत. डाव्या हातानं, उलटा शर्ट. समोरच्या पोरी तो बघून उजव्या हातानं सुलटा कापत. कुणाचं काही चुकायचं नाही. नमुन्याचे ते उलटे तुकडे शेवटी उसवून पायपुसण्यांत जायचे. आणि फोन टांगला होता त्यांच्याच खांद्यावरून. समोरून नाही. म्हणूनच तिचा फोटो त्यांना इतका ओळखीचा वाटला होता.

"दिव्याखाली अंधार," मास्तर म्हणाले.

"मग तो दिवा उद्या नीट लावा," बायको म्हणाली. "आणि आता हे मटार सोलू लागा. कुठल्याही हातानं सोला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोगलगायीला बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "चूक तुझी नाही. माझी आहे. आता माझ्या समोर उभी राहा आणि पुढा काप. आपण सुलटा बसवू."

ती समोर उभी राहिली. वर्गातली कात्री उजव्या हातात घेतली. श्वास रोखला. कात्री दोन बोटं पुढे सरकली आणि अडली, पुन्हा सरकली, पुन्हा अडली. काठ कुरतडला गेला. तीच जुनी गोगलगाय. मास्तरांनी तिचा शर्ट हातात घेतला आणि त्याचा काठ पाहिला. मग तिच्या समोरचा काठ पाहिला. दोन्ही काठ एकाच हाताचे वाटत नव्हते.

"थांब. घरी कसं कापलंस? तसंच काप."

ती खाली मान घालून उभी राहिली.

"अगं, काप ना."

तिनं पिशवीतून घरातली साधी कात्री काढली आणि डाव्या हातात घेतली. ती कात्रीही डाव्या हातासाठी केलेली नव्हती. तिनं मनगट थोडं वळवलं, पात्यांवर आपला असा एक दाब दिला आणि कापड सरसर कापत गेली. श्वास रोखला नव्हता. उलट कापता कापता ती बोलू लागली.

"लहानपणी डावा हात पुढे आला की बाई त्यावर पट्टी मारायच्या. घरीही तेच. मग सुटला तो हात. मी तर विसरूनच गेले होते सर. पण तुमच्या धड्यात हात असे खालून यायचे ना, माझ्याच अंगातून आल्यासारखे. एक दिवस बघता बघता माझा डावा हात आपोआप उठला. मला वाटलं, सरच डाव्यानं करतायत म्हणजे चालत असेल." ती कोपऱ्याशी वळली, कात्री न थांबवता. "मला आजवर वाटायचं, आपण मुळातच मंद आहोत."

मास्तरांना लाज वाटली. उजव्या हाताच्या पोरींसाठी त्यांनी आपला डावा हात घडवला, आणि समोरच्या डाव्या हाताला एक टोपणनाव देऊन मोकळे झाले. त्याच वेळी, तिच्या हाताखाली सुटत जाणारं कापड बघून, त्यांना आनंदही होत होता.

"पोरी," ते म्हणाले, "तुला गोगलगाय म्हणायचो त्याबद्दल मला माफ कर."

"राहू दे सर. पोचतेच ना ती."

पण पोचायला अजून एक वळण होतं. तिला हवा होता डावा हात आणि सुलटा शर्ट. असा धडा कुणाकडेच नव्हता, मास्तरांकडेही नाही. त्यांचा उजवा हात सुलटा शर्ट जाणत होता आणि डावा हात उलटा. बटणबाईनं दांडा लावला, बाकीच्या पोरींना बाहेर काढलं, मास्तरांनी डाव्या हातात खडू घेतला आणि पहिल्याच फटक्यात खिसा उजवीकडे आखला.

"मास्तर, उलटा."

पुसला. पुन्हा आखला.

"मास्तर, पुन्हा उलटा."

"समोरचं बाक दिसतंय मला," मास्तर वैतागून म्हणाले. "ते बाक दिसलं की हात आपोआप फिरतो."

बाक बाहेर गेलं. तरी फरक पडेना. बटणबाई तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. जो माणूस फोनला शिकवायला तयार नव्हता, तो आता स्वतःच्याच हाताला शिकवत बसला होता. शेवटी मास्तर म्हणाले, "गोगलगायी, इकडे ये. माझ्या मागे उभी राहा." टेबलापाशी समोर आणि मशीनपाशी मागे, हा त्यांचा पहिला नियम. तो त्यांनी स्वतः मोडला. ती मागे येऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्यावरून बघू लागली, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आता हिची डावी बाजू तीच आपली डावी बाजू.

त्यांनी डावा तळवा आपल्या शर्टाच्या खिशावर ठेवला. "बेतण्याआधी हात इथे ठेवायचा. खिसा या बाजूला. मगच खडू."

"माझ्या कपड्यांना खिसा नाही, सर."

"मग काळजावर ठेव. पुरुषाचा खिसा तिथेच असतो."

हळूहळू, अडखळत, चार वेळा पुसून, त्या टेबलावर डाव्या हातानं सुलटा शर्ट उमटू लागला. मास्तर मध्येच चुकत, "नाही, नाही, हे विसर" म्हणत, आणि बटणबाईनं त्यातलं काही कापलं नाही. पुढे सगळ्या धड्यांत तोच धडा पोरींना सगळ्यात आवडला. तो गोगलगायीनं किती वेळा पाहिला हे तिनं कधी सांगितलं नाही. पण व्हरांड्यात येणारी नणंद म्हणाली, "बाळाला झोपवतानासुद्धा वहिनी छातीवर हात ठेवून पुटपुटतात. आई विचारत होती, हिला काही दुखतंय का?"

परीक्षेच्या सकाळी मास्तर लवकर आले. परीक्षक बाहेरच्या होत्या, वयस्क, कमी बोलणाऱ्या. परीक्षा सुरू झाल्यावर मास्तरांना वर्गात थांबायला परवानगी नव्हती. जाण्याआधी त्यांनी टेबलाचा खण उघडला, काळी कात्री काढली, आणि सगळ्यांच्या देखत ती गोगलगायीसमोर ठेवली. तडतडीच्या हातून टाचण्यांची डबी खाली पडली, तरी कुणी तिकडे पाहिलं नाही.

"सर, ही..."

"ही डावी आहे," मास्तर म्हणाले. "मी इतकी वर्षं फक्त सांभाळली."

दिवसभर ते व्हरांड्यात नणंदेशेजारी बसले आणि बाळाला टेपेचं टोक धरायला देत राहिले. आत काय झालं ते त्यांना नंतर पोरींनी सांगितलं. गोगलगाय पहिल्यांदा छातीवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा परीक्षकबाईंना वाटलं ही घाबरली. त्या पाणी घेऊन जवळ आल्या. तोवर कात्री चालायला लागली होती. बाई पाण्याचा पेला धरून तशाच बघत उभ्या राहिल्या.

"डाव्या हातानं?" त्या म्हणाल्या. "मी इतक्या ठिकाणी जाते, डाव्या हातानं कापायला शिकवलेलं कुठे पाहिलं नाही. तुमचे मास्तर डाव्या हातानं शिकवतात?"

"हो," गोगलगाय म्हणाली. "त्यांनी सगळ्यांनाच डाव्या हातानं शिकवलंय."

बाकीच्या पोरी उजव्या हातांनी कापत होत्या. परीक्षकबाईंनी एकवार सगळ्यांकडे बघितलं, आणि बहुधा ही थट्टा असावी असं समजून त्या पुढे सरकल्या. दिवस सरताना त्यांनी पुतळ्याच्या अंगावर तो शर्ट चढवला आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावत गेल्या. हात कुठेही अडला नाही.

गोगलगाय पास झाली आणि नणंदेच्या कारखान्यात लागली. कात्री परत द्यायला आली तेव्हा मास्तरांनी घेतली नाही. "मी दुसरी घडवायला सांगितलीय," ते म्हणाले. ते खोटं होतं. सांगायला ते दुसऱ्या दिवशी गेले, आणि दोन घडवायला सांगितल्या.

नवी तुकडी आली. स्क्रीनवर आता कागद नव्हते, सुतळी मात्र मास्तरांनी ठेवली होती, कधी लागली तर असावी म्हणून. पोरी टेबलासमोर दाटीनं उभ्या राहिल्या. मास्तरांनी पहिला नियम सांगितला. दुसरा सांगायला तोंड उघडलं, "खडू, कात्री, सुई, सगळं..." आणि थांबले.

"तुमच्यात डावखुरं कोण आहे?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मास्तरांनी वाट पाहिली. त्यांना घाई नव्हती. मग सगळ्यात मागे, खिडकीपाशी, एका पोरीनं हात वर केला. उजवा हात, शाळेत शिकवतात तसा सरळ.

मास्तर त्या उजव्या हाताकडे बघत राहिले. ती ओशाळली. तिनं तो हात खाली घेतला आणि डावा वर केला.